सेझार फ्रांक

कीर्तीच्या मागे धावणाऱ्यांस ती क्वचितच लाभते. पण नेमून दिलेले काम जो निष्ठेने करीत राहतो, त्याच्या मागून ती आपण होऊन येते, मग मृत्यूनंतर का होईना! ऑर्गनवादक सेझार फ्रांक यांचे चरित्र याचा उत्तम दाखला होय.

त्यांचा जन्म १० डिसेंबर १८२२ रोजी, आज बेल्जममध्ये असलेल्या लिएज शहरी झाला. मुलाने पियानो वाजवून नाव व पैसा मिळवावा हा पित्याचा हट्ट असे. कोवळ्या वयातच त्याला जलशांतून मिरविण्यात आले. १८३५ साली कुटुंब पॅरिसला गेले. तेथील संगीतविद्यालयात त्याने पारितोषिके मिळविली. परंतु १८४२ साली पित्याने शिक्षण मध्येच सोडावयास लावले. अखेर त्या जाचास कंटाळून तरुण फ्रांक घराबाहेर पडले. १८४८ साली राज्यक्रांतीच्या धामधुमीत त्यांचा विवाह झाला.

शिकवण्या करून ते चरितार्थ चालवीत. १८५८ साली सेंट क्लोटिल्ड या उपासनामंदिरात त्यांची वादक म्हणून नेमणूक झाली व ती सेवा त्यांनी मरेपर्यंत केली. तेथला ऑर्गन कावाये-कोल या विख्यात कारागिराने बनविला होता. आपल्या वाशीम जिल्ह्यात आपणांस हातपेटी परिचित आहे. तिच्यात भात्याच्या वाऱ्याने पितळी सूर थरथरतात. या मोठ्या वाद्यात तोच वारा शेकडो लहानमोठ्या नळ्यांत शिरतो. वादक दोन्ही हातांनी एकावर एक रचलेल्या पट्ट्यांच्या ओळी वाजवितो व पायांनी खर्जाचे स्वर काढतो. अशा रीतीने एकच मनुष्य सबंध वाद्यवृंदाचे काम करतो.

पहाटे उठून दोन तास स्वतःच्या रचनेस द्यावयाचे व मग दिवसभर शिकवावयाचे, हा फ्रांक यांचा नेम होता. १८७२ साली ते त्याच संगीतविद्यालयात ऑर्गनचे अध्यापक झाले. शिष्य त्यांस पित्यासमान मानीत. लोकांनी मात्र त्यांची कदर केली नाही. १८८९ साली, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, त्यांची सिंफनी प्रथम वाजविली गेली, तेव्हा तिचे स्वागत थंडपणे झाले.

१८९० साली रस्त्यात घोड्यांच्या बसगाडीचा त्यांस धक्का बसला. तरीही त्याच वर्षीच्या ऑगस्ट व सप्टेंबर महिन्यांत त्यांनी केवळ ऑर्गनसाठी तीन ‘कोराल’ रचले. कोराल म्हणजे जर्मन प्रॉटेस्टंट मंडळीच्या सामुदायिक गीताची चाल. पण फ्रांक यांनी जुनी चाल न घेता स्वतःच्या चाली निर्मिल्या. पहिल्या रचनेत चाल हळूहळू आकारास येते व शेवटी पूर्ण तेजाने प्रगटते. दुसरीत पायांच्या खर्जात उमटलेली चाल पुनःपुन्हा येऊन अखेर शांततेत विरते. तिसरीत वेगवान स्वरांच्या झंझावातामध्ये एक संथ, मधुर गान ऐकू येते. ८ नोव्हेंबर १८९० रोजी फ्रांक निवर्तले. आज जगभरचे ऑर्गनवादक हे कोराल आदराने वाजवितात.

विद्यार्थ्यांनो, रोज पहाटेच्या दोन तासांतून काय उभे राहते ते पाहा. आणि आम्ही पालकांसही विनवितो की, मुलाच्या गुणांचा बाजार मांडू नये; त्यांस वाढावयास अवधी द्यावा.