सुरुंग ते कॅमेरा

स्कूबा डायव्हिंगचा व्हिडिओ तुमच्या ग्रुपवर एकदा तरी पडलाच असेल. तारकर्लीचा, नाहीतर अंदमानचा. पाठीवर सिलिंडर, तोंडात नळी, आजूबाजूला मासे. आज हे इतकं सोपं झालंय, त्यामागे एक फ्रेंच माणूस आहे : जाक कुस्तो.

कुस्तोचा जन्म ११ जून १९१० चा. गड्याला व्हायचं होतं वैमानिक. नौदलात प्रशिक्षणही सुरू होतं. पण गाडीला जबर अपघात झाला, हात मोडले आणि विमान कायमचं सुटलं. हातात पुन्हा ताकद यावी म्हणून तो तुलाँजवळच्या समुद्रात पोहू लागला. तिथे एका मित्राने त्याला पाण्यात घालायचा चष्मा दिला. डोकं पाण्याखाली गेलं आणि पुढच्या सगळ्या आयुष्याची दिशा ठरली.

पाण्याखालची त्याची पहिली फिल्म १९४२ ची. विषय, भाल्याने माशांची शिकार. युद्धामुळे फिल्मचे रोल मिळत नव्हते, म्हणून साध्या कॅमेऱ्याचे छोटे रोल एकमेकांना जोडून त्याने काम भागवलं. पण खरी अडचण होती श्वासाची. एका दमात माणूस खाली थांबणार किती? प्रवाळातले छोटे मासे तर भलतेच लाजाळू. तुमची सावली पडली की सुळकन फटीत! ते परत डोकं बाहेर काढेपर्यंत तुमचा दम संपलेला असतो.

१९४३ मध्ये एमिल गान्यान या इंजिनीअरबरोबर त्याने यावर तोड काढली. युद्धात पेट्रोलची टंचाई होती, म्हणून गॅसवर गाड्या चालवण्यासाठी गान्यानने एक व्हॉल्व्ह बनवला होता. दोघांनी तोच श्वासासाठी बदलून घेतला. तुम्ही श्वास ओढाल तेव्हाच हवा मिळणार, आणि तीही त्या खोलीवरच्या पाण्याच्या दाबाइतक्या दाबाने. हेच अ‍ॅक्वालंग. आता माणूस माशाची वाट बघू शकत होता.

पण वाट बघायला तो लगेच शिकला का? नाही. 'कॅलिप्सो' या बोटीवरून केलेला त्याचा 'द सायलेंट वर्ल्ड' हा चित्रपट १९५६ मध्ये कानमध्ये सर्वोच्च पुरस्कार घेऊन आला, पाठोपाठ ऑस्करही. त्याच चित्रपटात त्याची माणसं प्रवाळावर सुरुंग लावताना दिसतात. कारण काय, तर फटींत लपलेल्या माशांची मोजदाद करायची होती. स्फोटानंतर मेलेले मासे गोळा करून मोजले गेले. आज ते दृश्य बघताना तुमच्या पोटात ढवळेल. तेव्हा मात्र त्याला विज्ञान म्हणत होते.

हाच कुस्तो पुढे बदलला. १९६० मध्ये भूमध्य समुद्रात अणुकचरा टाकायच्या योजनेविरुद्ध त्याने आवाज उठवला. १९७३ मध्ये समुद्राच्या रक्षणासाठी संस्था काढली. दरम्यान, वेगळ्या पेटीत न घालता थेट पाण्यात नेता येईल असा छोटा कॅमेराही त्याने एका बेल्जियन इंजिनीअरकडून करवून घेतला होता. १९६३ पासून जपानच्या निकॉन कंपनीने तो 'निकोनॉस' या नावाने विकला आणि जगभरच्या हौशी डायव्हर्सच्या हातात पोचवला. ज्या माशांना मोजण्यासाठी सुरुंग लागला होता, ते आता जिवंतपणी, आपापल्या घरात टिपता येऊ लागले. २५ जून १९९७ ला कुस्तो गेला.

त्याचं सगळंच डोक्यावर घ्यायचं कारण नाही. पण स्वतःच्या डोळ्यांदेखत चूक घडल्यावर माणूस वाट बदलू शकतो, एवढं त्याच्याकडून घ्या. आणि कधी पाण्याखाली कॅमेरा घेऊन गेलात, तर मासा लपला म्हणून फटीत हात घालू नका, प्रवाळाला धरू नका. थोडं लांब थांबा, संथ श्वास घ्या. बुडबुड्यांची सवय झाली की तो बहुधा स्वतःच डोकं बाहेर काढतो. नाहीच काढलं, तर फोटोशिवाय वर या. घर त्याचं आहे.