डॉक्टर लुडविग गुटमन

पाठीचा कणा मोडून ज्याचें अंग लुळें पडलें, तो मनुष्य फार दिवस जगावयाचा नाहीं, अशी पहिल्या महायुद्धाच्या काळीं बहुतेक डॉक्टरांची समजूत होती. आणि रोज येणारा अनुभवहि तिला दुजोराच देत असे. ही समजूत ज्यांनीं आपल्या परिश्रमानें खोटी ठरविली, त्या डॉक्टर लुडविग गुटमन यांचें चरित्र आम्ही आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों.

गुटमन यांचा जन्म ३ जुलै १८९९ रोजीं त्या वेळच्या जर्मनींतील टोस्ट या गांवीं एका यहुदी कुटुंबांत झाला. हें गांव आतां पोलंड देशांत मोडतें. तो सारा मुलूख कोळशाच्या खाणींचा. १९१७ सालीं तरुण लुडविग तेथील खाणकामगारांच्या एका इस्पितळांत शुश्रूषेचें काम करीत असतां, कणा मोडलेला एक धट्टाकट्टा खाणकामगार तेथें आणण्यांत आला. त्याला प्लॅस्टरच्या सांच्यांत जखडून पडद्याआड ठेवण्यांत आलें. लुडविग त्याच्या प्रकृतीचें टांचण करूं लागला, तेव्हां हा थोड्याच आठवड्यांचा सोबती आहे, याच्यासाठीं एवढें लिहिण्याचे श्रम कशाला, असें त्याला सांगण्यांत आलें. पांच आठवड्यांनीं तो कामगार खरोखरच वारला. वडील मंडळींचें भाकीत खरें ठरलें. परंतु त्या मुलाच्या मनांतून तो मृत्यु कधींच गेला नाहीं.

येथें वाचकांनीं एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. आपल्या मणक्यांच्या पोकळींतून करंगळीएवढ्या जाडीचा व सुमारें ४५ सेंटिमीटर लांबीचा एक मऊ दोर जातो. यालाच पृष्ठरज्जु म्हणतात. त्यांतून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या निघून सर्व शरीरभर पसरतात. मेंदूची आज्ञा याच वाटेनें स्नायूंपर्यंत उतरते, आणि स्पर्श, ऊन, थंडी, वेदना यांची वार्ता याच वाटेनें वर चढते. हा दोर ज्या ठिकाणीं तुटतो वा चिरडतो, तेथून खालचें शरीर मेंदूला पारखें होतें. इजा छातीच्या किंवा कमरेच्या भागीं झाली, तर पाय जातात. मानेच्या भागीं झाली, तर हातहि जातात. आणि मानेच्या अगदीं वरच्या भागीं झाली, तर श्वासपटल बंद पडून श्वासहि थांबतो. मोडलेलें हाड सांधतें, परंतु पृष्ठरज्जूचे तुटलेले तंतु पुन्हां जुळून येत नाहींत.

मात्र रोगी मरत, ते केवळ पाय लुळे पडल्यामुळें नव्हे. निरोगी मनुष्य झोपेंतहि नकळत कूस बदलतो, कारण एकाच जागीं भार पडला कीं तेथील कातडी तक्रार करते. लुळ्या अंगाची तक्रार मेंदूपर्यंत पोंचतच नाहीं. हाड व गादी यांच्यामध्यें दबलेल्या कातडीचा रक्तपुरवठा तुटतो, ती मरते, आणि तेथें खोल व्रण पडतो. दुसरीकडे मूत्राशय भरल्याची जाणीव होत नाहीं व तो आपोआप रिकामा होत नाहीं. सांचलेल्या लघवींत जंतु वाढून विकार मूत्रपिंडांपर्यंत जातो. व्रणांतून व लघवींतून रक्तांत भिनलेलें हें विषच रोग्याचा प्राण घेई. म्हणजे मृत्यूचें कारण कण्यांत नसून शुश्रूषेच्या उणिवेंत होतें. ही गोष्ट आज सोपी वाटते. ती ओळखण्यास मात्र गुटमन यांच्यासारखा मनुष्य लागला.

१९२४ सालीं वैद्यकाची पदवी मिळवून गुटमन ब्रेस्लाउ शहरीं ओटफ्रीड फोर्स्टर या विख्यात मज्जाविद्याविशारदांच्या हाताखालीं काम करूं लागले. १९३३ सालीं नाझी सरकार आलें, आणि यहुदी म्हणून त्यांची नोकरी गेली. ते त्याच शहरांतील यहुदी इस्पितळांत गेले व पुढें त्याचे प्रमुख झाले. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्रीं जर्मनीभर यहुद्यांवर हल्ले झाले. त्या रात्रीं जो कोणी दारीं येईल त्याला कांहींएक न विचारतां दाखल करून घ्यावें, असा हुकूम गुटमन यांनीं सोडला. दुसऱ्या दिवशीं गुप्त पोलीस झडतीस आले, तेव्हां गुटमन त्यांच्याबरोबर खाटेखाटेपाशीं फिरले आणि प्रत्येकाला कांहीं ना कांहीं दुखणें लावून देत गेले. ६४ जणांपैकीं ६० जणांची अटक अशा रीतीनें टळली. पुढें मार्च १९३९ मध्यें पत्नी व दोन मुलें यांसह ते इंग्लंडला आले आणि ऑक्सफर्ड येथें राहिले.

दुसरें महायुद्ध चालू असतां ब्रिटिश सरकारनें त्यांच्यावर कणा मोडलेल्या सैनिकांचा दवाखाना उभारण्याचें काम सोंपविलें. १ फेब्रुवारी १९४४ रोजीं स्टोक मँडेव्हिल येथें तो सुरू झाला. गुटमन यांचा पहिला नियम अगदीं साधा होता. प्रत्येक रोग्याची कूस दर दोन तासांनीं, दिवसा आणि रात्रीं, बदललीच पाहिजे. प्लॅस्टरचे सांचे त्यांनीं काढून टाकले. मूत्राशय ठराविक वेळीं निर्जंतुक नळीनें रिकामा करण्याची पद्धति त्यांनीं कसोशीनें पाळली. रात्रीं ते स्वतः खोल्यांतून फिरून आपल्या आज्ञा पाळल्या जातात कीं नाहीं तें पाहत. व्रण भरूं लागले, ताप उतरूं लागले, माणसें जगूं लागलीं.

संशोधनहि थांबलें नाहीं. १९४७ सालीं गुटमन व व्हिटरिज यांनीं दाखविलें कीं, इजा छातीच्या वरच्या भागीं किंवा मानेंत असेल, तर केवळ मूत्राशय भरून ताणल्यानें रक्ताचा दाब एकदम भयंकर चढूं शकतो. रोग्याला मूत्राशय जाणवत नाहीं. पण डोकें ठणकतें व चेहऱ्याला घाम सुटतो. मेंदूच्या ताब्यांतून सुटलेले खालचे मज्जातंतु मेलेले नसतात, ते आपल्या मतानें वागतात, हें यावरून स्पष्ट झालें.

परंतु नुसतें जगविणें गुटमन यांस पुरेसें वाटेना. आयुष्यभर खाटेवर पडून दुसऱ्याची वाट पाहणें, यास ते जीवन मानीत नसत. त्यांनीं रोग्यांना सुतारकाम, घड्याळें दुरुस्त करणें अशीं कामें शिकविलीं, आणि चाकांच्या खुर्चीवर बसवून खेळांत उतरविलें. खेळामुळें हात व छाती बळकट होतात, तोल सांवरतां येतो, आणि त्याहून मोठी गोष्ट ही कीं, खचलेलें मन पुन्हां उभें राहतें. २९ जुलै १९४८ रोजीं लंडनमध्यें ऑलिंपिक सामने सुरू झाले. त्याच दिवशीं स्टोक मँडेव्हिलच्या हिरवळीवर १४ पुरुष व २ स्त्रिया धनुष्यें घेऊन चाकांच्या खुर्च्यांवरून शर्यतीस बसल्या. १९५२ सालीं हॉलंडचे खेळाडू आले. १९६० सालीं रोम येथें २३ देशांचे सुमारें ४०० खेळाडू जमले. आज ज्यांना पॅरालिंपिक सामने म्हणतात, त्यांचा उगम हा असा आहे.

या कथेचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. १९६५ च्या युद्धांत गोळ्या लागून अपंग झालेले सांगली जिल्ह्याचे जवान मुरलीकांत पेटकर यांनीं १९७२ सालीं हायडलबर्ग येथील याच सामन्यांत पोहण्याच्या शर्यतींत भारताला पहिलें सुवर्णपदक मिळवून दिलें. ज्या जर्मनीनें गुटमन यांस हांकलून दिलें होतें, त्याच जर्मनींत हे सामने भरले, आणि तें पाहण्यास गुटमन हयात होते. १९६६ सालीं त्यांना सर ही पदवी मिळाली होती. १८ मार्च १९८० रोजीं ते वारले.

तुटलेला पृष्ठरज्जु सांधण्याची विद्या त्यांना साधली नव्हती, व ती अद्यापहि मनुष्याच्या हातीं आलेली नाहीं. त्यांच्या हातीं होतें तें एवढेंच: दर दोन तासांनीं कूस बदलणें, स्वच्छता राखणें, आणि कोणासहि टाकाऊ न मानणें. हजारों माणसें त्यावर तरलीं. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं जे पुढें डॉक्टर किंवा परिचारिका होतील, त्यांनीं त्या खाणकामगाराचें अर्धवट राहिलेलें टांचण ध्यानांत ठेवावें. आणि ज्यांच्या घरीं कोणी अंथरुणास खिळलेलें असेल, त्यांनीं आज रात्रीं त्याची कूस वेळेवर बदलावी.