जागा देवाची, कागदही देवाचाच

वैनगंगाकाठच्या आमच्या भंडारा जिल्ह्यातून पंढरी फार लांब. तिथं पोचल्यावर वारकऱ्याला पहिली चिंता मुक्कामाची. म्हणूनच वारकरी निवासासाठी वाडवडिलांची जागा द्यावी असे एखाद्या भाविकाच्या मनात येते, तेव्हा आम्हांस श्रीगाडगेबाबा आठवतात.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी परीट कुळात झाला. नाव देबूजी. वडील झिंगराजी लवकर गेले, म्हणून आई सखुबाईसह ते दापुऱ्यास मामांकडे वाढले. शेतात मर मर राबले. पण मामा सावकाराच्या कर्जात सापडले आणि घामाचे शेत कागदाच्या जोरावर सावकार गिळू लागला. अक्षर न कळणाऱ्याला कागद कसा बुडवतो, हे देबूजींनी तिथं पाहिलं.

१९०५ साली त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हाती खराटा नि गाडगे. पुढे कीर्तनातून लाखो रुपये उभे राहिले. पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक, मुंबई येथे धर्मशाळा झाल्या. कोणी पैसा दिला, कोणी जागा दिली. बाबांनी त्यातले वितभरही आपल्या नावे केले नाही. पत्नी कुंताबाई नि लेकी यांचाही त्यावर हक्क ठेवला नाही. एवढी घरे बांधणारा स्वतः मात्र झोपडीत राही! पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. १९५२ साली आपल्या संस्थांचा कारभार पाहण्यास मिशन स्थापले. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ बाबांनी देह ठेवला. मागे वारसांची भांडणे उरली नाहीत, धर्मशाळा उरल्या.

वारकरी बंधूंनो, तोंडी दान गोड खरे, पण दाता गेल्यावर त्याचीच मुलं कोर्टाची पायरी चढतात आणि भिंती अर्ध्यावर राहतात. भावाबहिणींचा हिस्सा असेल तर त्यांची संमती आधी घ्या. १८८२ च्या कायद्याप्रमाणे जमिनीचे बक्षीसपत्र लेखी हवे, त्यावर दोन साक्षीदार हवेत नि त्याची नोंदणी हवी. घेणाऱ्याने ते दात्याच्या हयातीतच स्वीकारले पाहिजे. आणि घेणारी संस्था असावी, एकटा माणूस नव्हे. मग सातबाऱ्यावर तिचे नाव चढले की नाही, तेही पाहा. जागा विठोबाला दिली ना? मग कागदावर आपलं नाव कशाला ठेवायचं?