डिझेल : तेलामागचा माणूस

शेतकरी बंधूंनो, ट्रॅक्टरात, मालट्रकात आपण रोज डिझेल ओततो; पण हे मुळात एका माणसाचे आडनाव, हे किती जणांना ठाऊक आहे?

रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म १८५८ साली पॅरिसमध्ये, जर्मन आईबापांच्या पोटी झाला. १८७० च्या युद्धात कुटुंबाला गाव सोडावे लागले. पोरगा जर्मनीत नातलगांकडे राहून शिकला, इंजिनिअर झाला. वाफेच्या इंजिनात कोळशाची बहुतेक ताकद वाया जाते, हे त्यांना खुपत होते.

सायकलला हवा भरताना पंप तापतो ना? तेच तत्त्व. हवा जबर दाबली की तापते. तीत तेल फवारले की ठिणगीवाचून पेटते. १८९३ च्या पहिल्या चाचणीत स्फोट झाला, पण डिझेल वाचले. १८९७ साली इंजिन यशस्वी झाले. इंधनाची सुमारे २६ टक्के ताकद कामी आली. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात तर असे इंजिन शेंगदाणा तेलावर चालले!

पैसा आला, तसा गेलाही. कर्ज झाले. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री इंग्लंडला जाताना ते बोटीवरून नाहीसे झाले. पुढे समुद्रात प्रेत सापडले.

मंडळी, या इंजिनाचा जीव हवेच्या दाबात आहे. धूळ आत गेली की रिंगा झिजतात, दाब गळतो, इंजिन लवकर चालू होत नाही. म्हणून एअर फिल्टर साफ ठेवा, डिझेल गाळून भरा, ऑइल वेळेवर बदला.