श्रीसंत विसोबा खेचर : एक बोधप्रद चरित्र

आपल्या गावातील श्रीमहादेवाच्या मंदिराचा जीर्णोद्धार ग्रामस्थांच्या श्रमाने व दात्यांच्या उदार हाताने पार पडला, ही सर्वांना आनंदाची गोष्ट आहे. या स्मरणिकेसाठी एखाद्या संताचे चरित्र लिहावे, अशी मंडळाने आज्ञा केली. आमचे शिक्षण बेताचे, दिवस जातो कचेरीतील फायलींत. तथापि महादेवाच्या पिंडीशी ज्यांची कथा कायमची जोडली गेली आहे आणि ज्यांच्या आयुष्यातून आपल्यासारख्या प्रपंची माणसाला रोजच्या वागणुकीचा धडा मिळतो, अशा श्रीसंत विसोबा खेचर यांचे चरित्र अल्पमतीप्रमाणे येथे सादर करीत आहे.

संत नामदेव महाराजांचे गुरू म्हणून विसोबांचे नाव सर्व वारकऱ्यांना विदित आहे. ते मोठे शिवभक्त होते. शैव तत्त्वावरील षट्स्थळ नावाचा ग्रंथ त्यांच्या नावावर आहे. विठ्ठलभक्त नामदेवांना शिवभक्त गुरू लाभला, यावरून हरि आणि हर यांत भेद नाही हे आपोआपच सिद्ध होते. परंतु हेच विसोबा आयुष्याच्या पूर्वार्धात कसे होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ते संत म्हणून जन्मले नव्हते. दुसऱ्याच्या घरात डोकावणारे, रागाच्या भरात हात उगारणारे असे ते एक गृहस्थ होते. त्यांचे नाव तेव्हा विसोबा चाटी असे होते.

काळ इसवी सनाच्या तेराव्या शतकाचा, देवगिरीच्या यादवांच्या राज्याचा. आळंदीस विठ्ठलपंतांची चार मुले राहत होती. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताबाई. विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला होता. पुढे गुरूंच्या आज्ञेने ते पुन्हा संसारात आले आणि त्यानंतर ही मुले झाली. संन्याशाची मुले म्हणून गावाने त्यांना वाळीत टाकले. आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले, तरी मुलांवरचा बहिष्कार उठला नाही. ज्यांना आईबाप नाहीत, जातगोत नाही, अशी ही चार लेकरे कोरान्न मागून दिवस काढीत होती.

या मुलांचा ज्यांना फार राग होता त्यांत विसोबा पुढे होते. या मुलांनी त्यांचे काही घेतले नव्हते, की बांध कोरला नव्हता. तरीसुद्धा त्यांच्या घरी काय शिजते, त्यांना कोण भिक्षा घालतो, त्यांच्याशी कोण बोलतो, यावर विसोबांची नजर असे. अशा माणसाला आपण धर्माचे रक्षण करीत आहोत असेच वाटत असते. चोंबडेपणाला चांगले नाव मिळाले की तो अधिकच जोरात चालतो.

परंपरेने सांगितलेली कथा अशी आहे. एके दिवशी निवृत्तिनाथांना मांडे खाण्याची इच्छा झाली. मांडे म्हणजे उपड्या खापरावर भाजावयाची मोठी, पातळ पोळी. आपल्या विदर्भात उलट्या मडक्यावर जी लांब रोटी करतात, तिचीच ही बहीण समजावी. थोरल्या भावाची इच्छा पुरवावी म्हणून लहानगी मुक्ताबाई खापर आणावयास कुंभारवाड्याकडे निघाली. वाटेत विसोबा भेटले. कोठे चालली, कशाला चालली, असे त्यांनी विचारले. मांडे करावयाचे आहेत हे ऐकताच त्यांना संताप आला. ज्यांना वाळीत टाकले त्यांच्या घरी गोडधोड व्हावे, हे त्यांना सहन झाले नाही. त्यांनी त्या पोरीला मारले. एवढ्यावर न थांबता कुंभारांना ताकीद दिली की, या मुलांना कोणी भांडे देऊ नये.

मुक्ताबाई रडत घरी आली. खापराशिवाय मांडे भाजावयाचे कशावर? ज्ञानदेवांनी बहिणीचे डोळे पुसले आणि योगबळाने आपली पाठ तापविली. त्या पाठीवर मुक्ताबाईने मांडे भाजले, असे ही कथा सांगते.

इकडे विसोबांना चैन पडेना. आपण घातलेली बंदी लागू पडली की नाही, हे पाहण्यासाठी ते त्या घरापाशी येऊन लपून पाहू लागले. दुसऱ्याच्या चुलीत लक्ष घालणाऱ्याला स्वतःच्या घरी स्वस्थ बसवत नाही. पण त्या दिवशी त्यांनी जे पाहिले त्याने त्यांचे आयुष्य पालटले.

चमत्कार बाजूला ठेवला तरी विसोबांना तेथे काय दिसले असेल याचा विचार करावा. ज्यांची चूल आपण विझवू पाहिली, त्या घरात आनंदाने स्वयंपाक चालला आहे. ज्या पोरीला आपण मारले, ती भावाला वाढण्यात दंग आहे. आपल्या नावाने कोणी बोटे मोडीत नाही, शिव्याशाप देत नाही. भांडणाऱ्याला भांडण परत मिळाले की त्याचा जोर वाढतो. येथे परत काहीच आले नाही. विसोबांचा संताप त्यांच्याजवळच उरला आणि त्याची त्यांनाच लाज वाटली.

ते धावत आत गेले, त्या मुलांच्या पाया पडले आणि पानावरचे उरलेले अन्न प्रसाद म्हणून उचलू लागले. तेव्हा त्यांना खेचर म्हणून हटकण्यात आले, असे सांगतात. खेचर म्हणजे घोडा ना गाढव असे हट्टी जनावर. योगशास्त्रात मात्र खेचर या शब्दाचा अर्थ आकाशात संचार करणारा असा होतो. विसोबांनी त्या शब्दाचा राग मानला नाही. कालपर्यंत एवढ्यातेवढ्यावरून हात उगारणाऱ्या माणसाने तो बोल आयुष्यभरासाठी आपले नाव म्हणून घेतला. चाटी गेले आणि खेचर आले. अंगातील उतावीळपणा गेला याचा याहून चांगला पुरावा कोणता?

अशा संतकथा महिपतीबुवा ताहराबादकर (१७१५ ते १७९०) यांनी अठराव्या शतकात ओवीबद्ध करून ठेवल्या आणि त्या कीर्तनांतून घरोघरी पोहोचल्या. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. त्या दिवशी विसोबांना जागा मिळाली ती त्यांनीच ज्यांचे अन्न तोडले होते त्यांच्या पंगतीत. अपराध्यालाही अन्न मिळाले. आदरातिथ्य म्हणजे काय, हे विसोबा त्या चार मुलांच्या घरी शिकले.

पुढे विसोबा औंढा नागनाथ येथे जाऊन राहिले. हे क्षेत्र हिंगोली जिल्ह्यात असून महाराष्ट्रात ते ज्योतिर्लिंगांपैकी एक मानले जाते. मंदिर यादवकालीन हेमाडपंती आहे. त्याची पुढे अहिल्याबाई होळकरांनी दुरुस्ती करविली असे सांगतात. तेथील पिंड खाली खोल गाभाऱ्यात आहे. कितीही मोठा माणूस असो, दर्शनाला वाकूनच उतरावे लागते.

त्याच सुमारास धाराशिव जिल्ह्यातील तेर या गावी गोरोबाकाका कुंभारांच्या घरी संतमंडळी जमली होती. गोरोबाकाकांनी थापटण्याने एकेकाच्या डोक्यावर थापटी मारून कोणते मडके पक्के व कोणते कच्चे, हे पाहिले. सर्व गप्प बसले. तरुण नामदेव मात्र चिडले. गोरोबाकाकांनी निर्णय दिला की, हे मडके अजून कच्चे आहे. प्रत्यक्ष पांडुरंग आपल्याशी बोलतो, असा अभिमान बाळगणाऱ्या नामदेवांना हा अपमान वाटला. ते रुसून पंढरीस गेले. देवाने त्यांना विसोबांकडे जावयास सांगितले. ज्या विसोबांनी एकेकाळी कुंभारांना एक खापर देऊ दिले नाही, त्यांच्याकडेच एका कुंभाराने कच्चे ठरविलेले मडके भाजावयास आले!

नामदेव औंढ्यास आले. गाभाऱ्यात पाहतात तो एक म्हातारा पिंडीवर पाय ठेवून खुशाल निजलेला. नामदेवांचा पारा चढला. ज्याला गुरू करावयास आलो तो माणूस असा, हे पाहून त्यांनी खडसावले. येथे विसोबा जुने विसोबा असते तर कडाक्याचे भांडण झाले असते. पण ते उठले नाहीत, रागावले नाहीत, आपले मोठेपणही सांगितले नाही. आपण म्हातारे झालो, पाय उचलण्याची शक्ती नाही, तरी जेथे पिंड नसेल तेथे तूच हे पाय उचलून ठेव, अशी त्यांनी नामदेवांस विनंती केली.

नामदेवांनी पाय उचलून बाजूला ठेवले, तर तेथे पिंड. दुसरीकडे ठेवले, तेथेही पिंड. जेथे जेथे पाय नेले तेथे तेथे पिंड उभी राहिली. देव नाही अशी जागाच शिल्लक नाही, हे नामदेवांना कळले आणि त्यांनी विसोबांचे पाय धरले.

या कथेत चमत्काराहून मोठी गोष्ट आम्हांस वाटते ती अशी. पूर्वी विसोबा दुसऱ्याने काय करावे, काय खावे, कोणाकडे जावे हे स्वतः ठरवीत. आता समोरचा पोरगा रागाने थरथरत असताना त्यांनी काहीच त्याच्यावर लादले नाही. पाय त्याच्या हाती दिले आणि शोध त्यालाच घेऊ दिला. त्या तरुणाचा राग ते चांगले ओळखत होते, कारण तसाच राग त्यांनी स्वतः भोगला होता. म्हणूनच त्यांना तो सोसता आला. माणसांवर बारीक लक्ष ठेवण्याची त्यांची सवय तीच राहिली. पूर्वी ते लक्ष अडविण्यासाठी होते, आता आसरा देण्यासाठी झाले.

विसोबांनी १३०९ साली बार्शी येथे समाधी घेतली असे मानतात. पण त्यांची खरी पुण्याई नामदेवांच्या चरित्रात दिसते. गुरुभेटीनंतर नामदेवांच्या पानावरची पोळी कुत्र्याने पळविली, तेव्हा ती त्याला कोरडी खावी लागू नये म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही गोष्ट लहान मुलांनाही ठाऊक आहे. १३३८ साली मंगळवेढ्यास गावकुसाचे बांधकाम कोसळून संत चोखामेळा दगावले. ज्यांना हयातीत मंदिरात पाऊल ठेवू दिले नाही, त्या चोखोबांच्या अस्थी नामदेवांनी शोधून पंढरीस आणल्या आणि महाद्वारासमोर त्यांची समाधी केली. नामदेव पंजाबपर्यंत गेले. तेथील घुमान गावी त्यांची आठवण आजही जपली जाते आणि श्रीगुरुग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. देव नसलेली जागा नाही, हा औंढ्याच्या गाभाऱ्यातील धडा नामदेवांनी असा गावकुसाबाहेर व परमुलखात नेला.

आता थोडेसे आपल्याविषयी. आमचे काम अर्ज नोंदविण्याचे. आलेल्या अर्जांपैकी कित्येक खरोखरीच्या अडचणीचे असतात. पण काही असेही असतात की, ज्या गोष्टीचा अर्जदाराशी काडीचा संबंध नसतो. शेजाऱ्याने पडवी काढली, कोणाच्या घरी कोण राहावयास आले, कोणाला घरकुल मिळाले. काहींवर तर नावही नसते. अशा एका कागदाने दोन घरांचे येणेजाणे बंद होते, लग्नाचे आमंत्रण तुटते आणि पोरे एकमेकांशी बोलेनाशी होतात. कागद फायलीत पडून राहतो, दुरावा मात्र पिढीजात होतो.

तेच आपले लोक पाहुणा आला की किती वेगळे असतात! वर्धा आणि वैनगंगा या दोन नद्यांच्या मधला हा आपला मुलूख. दिवाळीनंतर धान कापणी उरकली की झाडीपट्टीत नाटके होतात. त्या रात्री घरोघरी परगावचे पाहुणे असतात. नदीपलीकडून तेलंगणातले सोयरेही येतात. घरात जागा नसली तर अंगणात तणस पसरून वर सतरंजी टाकतात. दूध नसेल तर कोरा चहा, पण पाहुणा चहाशिवाय जात नाही. त्या रात्री कोणी पाहुण्याची जात विचारीत नाही की मिळकत मोजीत नाही. महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत तर अनोळखी माणसालाही शिदोरीतला घास दिला जातो. विसोबा ज्या घरी शिकले, तसे घर आपल्याकडे आहेच. फक्त ते वर्षातून दोनचार दिवसच उघडते.

जीर्णोद्धाराच्या कामात वर्गणीवरून बोलणे निघतेच. कोणी किती दिले, कोणाचे नाव वर लागले, कोणी काहीच का दिले नाही. आपल्या गावात असे अनेक आहेत की ज्यांनी पैसा दिला नाही, पण मजुरी बुडवून विटा व वाळू वाहिली. फरशीवर त्यांचे नाव नाही. कोणाच्या घरी त्या वर्षी आजारपण होते, कोणाचे धान पाण्यात गेले. त्यांच्या न देण्याची चौकशी करावयाची की त्यांना आग्रहाने पंगतीला बोलवावयाचे, येथेच विसोबा चाटी व विसोबा खेचर यांच्यातील निवड आपल्यापुढे उभी राहते.

म्हणून नम्र सूचना अशी की, मंदिराच्या प्रत्येक उत्सवात पहिली पंगत परगावच्या पाहुण्यांची व एकट्यादुकट्या वृद्धांची असावी. ज्याच्याशी आपले बोलणे नाही, त्याच्या घरी प्रसाद पोहोचविण्यास आपणच जावे. दुसऱ्याच्या घरातील गोष्ट कानी आली तर ती पुढे सांगण्यापूर्वी त्या घराला कसली मदत हवी आहे काय, एवढे विचारावे. यास वर्गणी लागत नाही.

मंदिराच्या भिंती आता मजबूत झाल्या आहेत. कळस चढला आहे. आता जो कोणी या पायरीवर येईल त्याला आत या, बसा, जेवून जा, असे म्हणणारी माणसे या भिंतींच्या आत सदैव असावीत, हेच श्रीमहादेवाच्या चरणी मागणे आहे.

हर हर महादेव! जय जय रामकृष्ण हरी!