बुद्ध खरंच होऊन गेले का? त्रिपिटकाबाहेरची साक्ष

राजुऱ्यातल्या आपल्या पोरांना कॉलेजात, चहाच्या टपरीवर एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो. बुद्ध खरंच होऊन गेले, की तेही विष्णूचा अवतार? अवताराची कल्पना आपल्या आजा-आजींनी १६ ऑक्टोबर १९५६ ला चंद्रपुरात दीक्षा घेतानाच नाकारली. पण समोरच्याला उत्तर द्यायचे तर पुरावा लागतो.

येशूबद्दलही हाच प्रश्न विचारला जातो. बायबलबाहेर जोसेफस हा यहुदी आणि टॅसिटस हा रोमन इतिहासकार, दोघांनी येशूच्या मृत्यूनंतर शंभर वर्षांच्या आत त्याची नोंद केली. तथागतांची साक्ष दगडावर आहे.

सिद्धार्थ गौतमांचा जन्म शाक्य कुळात, लुंबिनीत झाला. राज्याभिषेकाला २० वर्षे झाल्यावर सम्राट अशोक स्वतः तिथे गेले. शाक्यमुनी बुद्ध इथे जन्मले असे त्यांनी स्तंभावर कोरले आणि गावाचा शेतसारा आठव्या हिश्श्यावर आणला. हा लेख १८९६ मध्ये उजेडात आला.

२९ व्या वर्षी सिद्धार्थांनी घर सोडले. का सोडले, यावर दगड गप्प आहेत. चार दृश्यांची कथा बाबासाहेबांनी बुद्धीच्या कसोटीवर नाकारली आणि रोहिणी नदीच्या पाण्यावरचा शाक्य-कोलियांचा तंटा हे कारण मांडले.

३५ व्या वर्षी गयेजवळ संबोधी मिळाली. राज्याभिषेकाच्या दहाव्या वर्षानंतर अशोक तिथे गेल्याची नोंद त्यांच्या आठव्या शिलालेखात आहे. त्याच लेखाचा तुकडा १८८२ मध्ये आपल्या महाराष्ट्रात, सोपाऱ्याला सापडला.

सारनाथला पहिले प्रवचन, मग ४५ वर्षे पायी चारिका आणि ८० व्या वर्षी कुशीनारा येथे महापरिनिर्वाण. अस्थींचा एक वाटा शाक्यांना मिळाला, असे ग्रंथ सांगतात. १८९८ मध्ये पिप्राहवाच्या स्तूपात अस्थिकरंडक निघाला. त्यावरच्या ब्राह्मी लेखात बुद्ध आणि शाक्य, दोघांचीही नावे आहेत.

अशोकाचे लेख महापरिनिर्वाणानंतर शंभराहून अधिक वर्षांनी कोरलेले आहेत, हे आपणही प्रामाणिकपणे मानले पाहिजे. पण सम्राट एखाद्या गावाचा सारा कमी करतो, तेव्हा त्या जागेची आठवण लोकांत पक्की असते. कल्पनेतल्या देवाच्या नावाने असा हिशेब होत नाही.

अशोककाळाची खूण आपल्या जिल्ह्यातही आहे. देवटेकला प्राणी पकडण्यास व मारण्यास मनाई करणारा मौर्यकालीन लेख सापडला आहे. तेव्हा टपरीवर प्रश्न आला की चिडू नका. लुंबिनी, सोपारा, पिप्राहवा ही तीन नावे सांगा.

नमो बुद्धाय! जय भीम!