मतपेटी आणि कामाचे तास



तुमच्या घरात बाबासाहेबांची तसबीर आहे. तिच्यापुढे मेणबत्ती लावताना तुम्हाला राज्यघटना आठवते, नागपूरची दीक्षा आठवते. पण तुमचे आजोबा गिरणीत, गोदीत किंवा रेल्वेत राबले असतील, तर बाबासाहेबांच्या चरित्रातले आणखी एक पान त्यांच्या घामाने भिजलेले आहे. ते पान आज मुलांना जवळ बसवून वाचा.

१५ ऑगस्ट १९३६ रोजी बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३७ च्या निवडणुकीत मताचा हक्क फार थोड्यांना होता. तरीही पक्षाचे बहुतेक उमेदवार मुंबई विधानसभेत निवडून आले. मात्र १७५ पैकी ८६ जागा काँग्रेसला मिळाल्या आणि सरकार काँग्रेसचे झाले.

याचा परिणाम काय झाला तो पाहा. सप्टेंबर १९३७ मध्ये बाबासाहेबांनी कोकणातली खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. ते तसेच पडून राहिले. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने! १९३८ साली सरकारने औद्योगिक कलहाचे विधेयक आणले. तडजोडीचे सारे सोपस्कार पुरे होण्याआधी कामगाराने संप केला, तर तो गुन्हा ठरणार होता. बाबासाहेबांनी सभागृहात कडाडून विरोध केला. कम्युनिस्टांशी असलेले मतभेद बाजूला ठेवून ७ नोव्हेंबर १९३८ चा एक दिवसाचा संपही घडवून आणला. पण मोजणीच्या वेळी हात सरकारचे जास्त होते. कायदा झालाच.

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. ही जागा मतांनी नव्हे, नेमणुकीने मिळाली होती. पण कष्टकऱ्याचे दुःख जाणणारा माणूस त्या खुर्चीवर बसला की काय होते, ते देशाने पाहिले. सरकार, मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी एकत्र बसून विचार करू लागले. खाणीत राबणाऱ्या बायांच्या बाळंतपणाच्या लाभाच्या कायद्यात सुधारणा झाली. बारमाही कारखान्यांत आठवड्याला ५४ तास काम घेता येत असे, ते १९४६ च्या दुरुस्तीने ४८ तासांवर आले.

त्याच सुमारास निवडणुका झाल्या आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा जवळजवळ सर्वत्र पराभव झाला. सप्टेंबर १९४६ मध्ये हंगामी सरकार आले. त्यात बाबासाहेब नव्हते. मालकाने कामगार संघटनेला मान्यता दिलीच पाहिजे, असे विधेयक त्यांनी १९४३ मध्येच मांडले होते. तशी दुरुस्ती १९४७ मध्ये मंजूर झाली, पण ती कधीच अंमलात आली नाही. कायदा कागदावरच राहिला!

म्हणून निवडणूक म्हणजे नुसते झेंडे आणि मिरवणुका असे समजू नका. तुमच्या कामाचे तास, रजा, संपाचा हक्क, बाळंतपणाची सुटी हे सारे मतमोजणीनंतर ठरते. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीनंतर दोन वर्षांत संसदेने जुने २९ कामगार कायदे ४ संहितांत गोळा केले. त्यात आपले काय राहिले आणि काय गेले, हे तुम्ही वाचले आहे काय? मत मागायला येणाऱ्याला त्याबद्दल विचारले आहे काय?

१९३७ साली ज्यांना मत नव्हते, त्यांच्या नातवंडांच्या हाती आज मत आहे. ते एका दिवसाच्या जेवणावर विकू नका. उमेदवार कोणत्याही पक्षाचा असो, कामगारासाठी तो कोणता कायदा करणार, हे आधी विचारा आणि मगच मत द्या.

जय भीम!